एकाच दिवशी, एकाच जोडप्याची दोन लग्नं: फोटो कसे काढू?

कवडसा
नमस्कार मंडळी,
माझ्या मावसबहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. ती हिंदू, नवरा ज्यू कुटुंबातला. दोन्ही घरांनी मिळून ठरवलंय की रविवारी सकाळी अग्नीसमोर सप्तपदी, दुपारी ज्यू पद्धतीचं लग्न आणि संध्याकाळी एकत्र रिसेप्शन. तयारीपासून शेवटच्या नाचापर्यंत सगळे फोटो माझ्याकडे आहेत. दुसरा कॅमेरा घेऊन एक मैत्रीण सोबत असेल.

मी बरीच वर्षं लग्नांचे फोटो काढतेय, पण सगळी एकाच पद्धतीची. त्यात पुढच्या मिनिटाला काय होणार हे मला पाठ असतं. गुरुजींनी हात कुठे नेला हे बघूनच मी जागा बदलते. दुपारच्या लग्नात मला यातलं काहीच कळणार नाही.

माझं मत आधीच सांगते. फोटोंची यादी खिशात घेऊन फिरणं मला पटत नाही. यादीकडे बघताना समोरचं निसटतं. पण या वेळी यादीशिवाय जायची भीतीही वाटतेय. ज्यांनी दोन संस्कृतींची लग्नं टिपली आहेत त्यांनी कृपया लिहा. मला कोणाचंच लग्न 'पाहुण्यासारखं' टिपायचं नाहीये.

तिपाई
छान विषय. पंधराएक मिश्र लग्नं केली आहेत, त्यावरून सांगतो. फोटोंची यादी नको असेल तर करू नका, पण विधींची यादी हवीच. कुठला विधी, कुठे, किती वेळ, कोण कोण उभं राहणार आणि त्यात कुठला क्षण परत येत नाही, एवढं लिहून घ्या. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. तासभर चालणाऱ्या विधीचा जीव बऱ्याचदा चार सेकंदांत असतो. ते चार सेकंद कुठले, हे त्या घरातल्या माणसालाच विचारायचं.

मी दोन्ही घरांतल्या एकेका मोठ्या माणसाला फोन करून एकच प्रश्न विचारतो: "या दिवसातला एकच फोटो घरात लावायचा असेल तर तो कशाचा असेल?" उत्तरं ऐकून दर वेळी माझा दिवसाचा आराखडा बदलतो.

निळीशाई
लग्नं दोन, मुहूर्त दोन, बॅटऱ्या मात्र सहा घ्या! शुभेच्छा.

अंजिरीपान
कवडसा, मी लग्न करून ज्यू घरात आलेय, त्यामुळे दुपारबद्दल लिहू शकते. घराघरांत फरक असतो, तेव्हा त्यांच्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, आधी भेटाच. काही ठिकाणी विधी चालू असताना फोटोला परवानगीच नसते, काही ठिकाणी फक्त मागून काढता येतात.

मंडपात जाण्याआधी केतुबावर, म्हणजे विवाहाच्या करारपत्रावर, सह्या होतात. त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि ते जवळच्या नात्यातले चालत नाहीत. पत्र बहुधा सुंदर रंगवलेलं असतं. त्याचा नुसता सपाट फोटो घेऊ नका, सही करणाऱ्याचा हात येऊ द्या.

मग बेदेकेन. नवरा स्वतःच्या हाताने नवरीच्या चेहऱ्यावर व्हेल, म्हणजे जाळीदार पडदा, ओढतो. आमच्याकडे कोणालाही विचारा, रडू तिथे येतं. हा विधी एका मिनिटात संपतो आणि भोवती गर्दी असते. बाहेरचा फोटोग्राफर नेमका त्याच वेळी मंडपाची सजावट टिपत असतो, हे मी दोनदा पाहिलंय.

हुप्पा म्हणजे चार खांबांवरचं छत. काही घरांत त्याखाली नवरी नवऱ्याभोवती सात वेळा फिरते, काहींत तीन वेळा. अंगठी उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात! डाव्या अनामिकेवर फोकस लावून बसलात तर हातात काही येणार नाही. अंगठीही परंपरेने साधी, खड्याशिवायची असते. शेवटी नवरा कापडात गुंडाळलेला पेला पायाने फोडतो आणि सगळे "माझल टोव" (अभिनंदन) ओरडतात.

आणि लगेच पुढे यिखुद. नवरा-नवरी एका खोलीत जातात, दार बंद होतं, साक्षीदार बाहेर उभे राहतात. दिवसभरात पहिल्यांदाच ती दोघं एकटी असतात. तिथे कॅमेरा जात नाही. कोणीच जात नाही.

कवडसा
अंजिरीपान, मनापासून आभार. मी नेमकी तीच पंधरा मिनिटं जोडप्याच्या फोटोंसाठी धरली होती! मावळतीचं ऊन असतं ना त्या वेळी. आता वेळापत्रक नव्याने करते.

तिपाई
बघा, विधींची यादी म्हणतो ती यासाठी. जोडप्याचे फोटो हुप्पाच्या आधी घ्या, नाहीतर रिसेप्शनमधून दहा मिनिटं चोरा. पण बेदेकेनच्या आधी दोघांनी एकमेकांना भेटायचं नाही असं त्यांच्यात आहे का, तेही विचारा. सकाळीच एक लग्न झालेलं असल्यामुळे तुमच्याकडे तो प्रश्न कदाचित येणार नाही.

रानपाखरू
दोन्हीकडे सात! सप्तपदीची सात पावलं आणि नवरीचे सात फेरे. दोन्ही वेळी जमिनीलगत बसून फक्त पाय टिपा आणि अल्बममध्ये समोरासमोर लावा. काय सुंदर पान होईल.

काळीचौकट
रानपाखरू, कल्पना दिसायला गोड आहे, पण मला पटत नाही. सप्तपदीत दोघं बरोबर चालतात, प्रत्येक पावलाला एक वचन असतं. तिकडे नवरी एकटी नवऱ्याभोवती फिरते. अर्थ वेगळा, हालचाल वेगळी. आकडा सारखा आहे म्हणून दोन्ही एकच असं अल्बमने सांगितलं तर दोन्ही घरांचं थोडं थोडं पुसलं जातं. मिश्र लग्नांच्या फोटोंत हा मोह फार दिसतो, की सगळं सारखंच आहे असं दाखवायचं. नसतं ते सारखं. आणि त्या दोघांनी फरक माहीत असूनच एकमेकांना निवडलंय ना!

रानपाखरू
अर्थ एक आहे असं मी म्हटलंच नाही. शेजारी ठेवलं की बघणारा आपणहून फरक शोधतो. एकीकडे पायांच्या दोन जोड्या, दुसरीकडे एक. ते दिसतंच.

काळीचौकट
हो, असं मांडलंत तर मान्य. दोन्हींत फरक दिसायला हवा, एवढंच.

जुनीनिगेटिव्ह
तुमच्या वादात थोडं वेगळं आणतो. फिल्मच्या काळापासून या धंद्यात आहे. कवडसाताईंनी रंगांचा विचार आत्ताच करावा, कारण सकाळी लाल आणि दुपारी पांढरं असणार.

पांढरा पोशाख म्हणजेच नवरी, ही समजूत तशी अलीकडची. राणी व्हिक्टोरियाने १० फेब्रुवारी १८४० रोजी पांढरा पोशाख घालून लग्न केलं आणि ती पद्धत पसरली. त्या लग्नाचा फोटो नाही. फोटो काढण्याची डागेरची पद्धत जाहीर होऊनच जेमतेम सहा महिने झाले होते. लग्नाचा म्हणून जो फोटो फिरतो तो रॉजर फेंटनने १८५४ मध्ये काढलेला, लग्नानंतर चौदा वर्षांनी. आशियातल्या कितीतरी समाजांत मात्र नवरीचा रंग लालच राहिला.

आता कॅमेऱ्याचं. उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेवर आणू बघतो. पांढरा गाऊन चौकटभर असेल तर तो गाऊन मळकट करून ठेवतो आणि सोबत चेहराही काळवंडतो. तिथे अर्धा ते एक स्टॉप वाढवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). लाल कापडाचं दुखणं वेगळं. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन आदळलेला असतो. मग शालूवरचं जरीकाम, विणकाम सगळं जाऊन लाल पत्रा उरतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा, लाल टोकाला गेला की एक्स्पोजर थोडं उतरवा आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, काढा.

ओटीपदर
काका, तुमचे प्रतिसाद मी नेहमी वाचनखुणेत ठेवते. कातडीच्या रंगाबद्दलही लिहा ना. माझ्या भाचीच्या लग्नात नवरा आफ्रिकन घरातला होता. एका अल्बममध्ये तो अंधारात आणि ती पीठ लावल्यासारखी, असं झालं. त्याच्या आईने अल्बम उघडला, दोन पानं बघितली आणि हळूच मिटला. मी शेजारीच बसले होते. ती काही बोलली नाही, पण मला अजून आठवतं.

जुनीनिगेटिव्ह
ओटीपदर, वाचून वाईट वाटलं. याच्यामागे जुना इतिहास आहे. रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांत कोडॅकची 'शर्ली कार्डं' असायची. गोऱ्या बाईचा फोटो, तिच्या कातडीवरून छपाईचे रंग जुळवायचे. १९५० च्या दशकापासून हेच माप. ती बाई नीट आली की काम झालं, मग बाकीच्यांचं काहीही होवो. गडद तपकिरी छटा सुधाराव्यात म्हणून कंपनीवर दबाव आला तो फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांकडून! वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेली कार्डं १९९० च्या दशकात आली. आता डिजिटलमध्ये या चुका सुधारण्याचं काम चालू आहे. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी गूगलने २०२२ मध्ये वापरात आणली. पण प्रत्यक्ष लग्नात पट्टी कामाला येत नाही, तिथे उभं कुठे करता ते कामाला येतं.

खिडकीचा उजेड एका बाजूने येत असेल तर सावळा चेहरा खिडकीजवळ, गोरा त्याच्या पलीकडे. एवढ्यानेच फरक अर्ध्यावर येतो. गोऱ्या चेहऱ्याचा उजळ भाग जळणार नाही एवढंच एक्स्पोजर ठेवा आणि सावळा चेहरा रॉमधून वर घ्या. समोरून थेट फ्लॅश मारू नका. गडद कातडीचं सौंदर्य तिच्यावरच्या चकाकीत असतं, आणि ती बाजूच्या मोठ्या, मऊ उजेडात खुलते.

काळीचौकट
आणि फोटो देताना तो 'मातकट' फिल्टर लावू नका, ही हात जोडून विनंती. लालाचा विटकरी होतो, गव्हाळ माणूस नारिंगी होतो. ज्या लग्नात दोन घरांचे रंगच वेगळे आहेत तिथे सगळ्यावर एकच रंग फासणं मला अन्याय वाटतो.

चिमटा
तयारीच्या वेळेबद्दल कोणीच लिहिलं नाही? मला दिवसातला सगळ्यात आवडता भाग तो आहे.

ओटीपदर
अगदी! चिमटा, मीच लिहिते. मी फोटो काढत नाही, पण नवऱ्या तयार करते, साड्या नेसवणं हा माझा व्यवसाय. फोटोग्राफरकडून मला काय हवं असतं ते सांगते.

खोलीतला एक कोपरा खिडकीजवळ मोकळा ठेवा. पिशव्या, हँगर, चार्जर दुसऱ्या भिंतीला. वरचे पिवळे दिवे बंद करा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू निळी आणि एक पिवळी येते. निऱ्या घालताना नवरीच्या समोर उभे राहू नका, मला हलायला जागा लागते. खांद्यावरून, वरून टिपा. निऱ्या मोजणारी बोटं तिथून सुंदर दिसतात. दातात पिन धरलेली कोणीतरी नेहमी असते, तिचा फोटो घ्याच.

दोन पोशाखांच्या मधल्या वेळेकडे नीट बघा. साडीतून गाऊनमध्ये जायचं म्हणजे फुलं, दागिने, केस, मेकअप सगळं बदलतं. दीड तास धरा. गाऊनच्या पाठीवर बारक्या कापडी बटणांची रांग असेल तर क्रोशाची सुई जवळ ठेवा. बटणाला अडकवायचे फास इतके लहान असतात की बोटांनी अर्धा तास जातो, सुईने पाच मिनिटं. हे गाऊनवाल्या बायकांना माहीत असतं, आपल्याकडच्यांना नसतं.

कवडसा
क्रोशाची सुई! मावशी आयुष्यभर क्रोशाचं विणत आलीय. तिला सांगते.

दुहेरीओळ
मी फोटोग्राफर नाही, दुभाषी आहे. लग्नांतल्या भाषणांचं भाषांतर करायला मला बोलावतात, त्यामुळे रिसेप्शन मला माइकच्या शेजारून दिसतं. तिथून एक गोष्ट दिसते, ती फोटोग्राफरांना बहुधा दिसत नाही, म्हणून मुद्दाम आयडी उघडून लिहितेय.

दोन भाषांच्या लग्नात हशाच्या दोन लाटा असतात. नवऱ्याचा भाऊ विनोद सांगतो, अर्धं दालन हसतं. मग मी तेच दुसऱ्या भाषेत सांगते, तेव्हा उरलेलं अर्धं हसतं. फोटोग्राफर पहिल्या लाटेवर धडाधड फोटो काढतात आणि कॅमेरा खाली घेतात. पण खरी गंमत दोन्हींच्या मध्ये आहे. आधी हसून झालेली माणसं समोरच्या टेबलाकडे बघत थांबतात. विनोद पोहोचेल का, आवडेल का, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर असते. आणि दुसरी लाट आली की पहिली माणसं पुन्हा हसतात, या वेळी विनोदाला नाही, समोरचे हसले म्हणून. दोन घरं एकत्र येताना मी जर कधी पाहिली असतील तर त्या चार-पाच सेकंदांत.

डोळ्यांतल्या पाण्याचंही तसंच. बापाच्या भाषणात त्याच्या बाजूचे लोक आधी रडतात. समोरचे न कळता त्यांच्याकडे बघून रडतात, आणि मग मी बोलते तेव्हा कळून पुन्हा रडतात.

तिपाई
दुहेरीओळ, इतकी वर्षं काम करतोय आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या लग्नात कॅमेरा खाली घेणार नाही.

रानपाखरू
अंगावर काटा आला. +१

जुनीनिगेटिव्ह
दुहेरीओळ यांच्यामुळे एक जुनं छायाचित्र आठवलं. अमेरिकेत रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ मध्ये लग्न केलं. तो गोरा, ती वेगळ्या वर्णाची, आणि त्यांच्या राज्यात असं लग्न गुन्हा होता. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे रद्द केले. त्याआधी १९६५ मध्ये ग्रे व्हिलेट हा छायाचित्रकार 'लाइफ' मासिकासाठी त्यांच्या घरी गेला होता. त्याच्या एका फोटोत दोघं घरात टीव्ही बघतायत, रिचर्डचं डोकं मिल्ड्रेडच्या मांडीवर आणि दोघं हसतायत. ना कोर्ट, ना घोषणा. एवढा मोठा खटला, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हसणं. विधी सोडू नका, पण विधींच्या मधली जागा सोडलीत तर त्याहून जास्त जाईल.

निळीशाई
काका, हा फोटो शोधून पाहिला. बराच वेळ बघत बसलो.

चिमटा
तांत्रिक एक विचारते. धर्मस्थळात आवाज नको म्हणून सायलेंट शटर वापरलं तर सगळ्या फोटोंत आडवे पट्टे आले. कॅमेरा दुरुस्तीला द्यायचा का?

तिपाई
कॅमेरा ठणठणीत आहे. सायलेंटमध्ये सेन्सर एकेक ओळ करत वाचला जातो आणि तिथले दिवे लुकलुकत असतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो, ६० ची असेल तर १२० वेळा. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२५. एलईडीच्या काही दिव्यांची लुकलुक याहून फार वेगवान असते, तिथे मेकॅनिकल शटरच बरं. आधी जाऊन दोन फोटो काढून बघणं सगळ्यात उत्तम.

कवडसाताई, अग्नीचंही तेव्हाच विचारा. दालनात धुराचा अलार्म असेल तर व्यवस्थापनाला आधी कळवावं लागतं, सप्तपदीत घंटा वाजायला नको. दोघं चालत असतील तर शटर १/२०० च्या खाली नको. आणि अग्नीचा पिवळा उजेड चेहऱ्यावरून पूर्ण धुऊन काढू नका. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा: ज्योतीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास, दिवसाचा ५५०० च्या. तो ऊबदारच दिसायला हवा.

सप्तपदीनंतर बऱ्याच ठिकाणी नवरी नवऱ्याच्या उजवीकडून डावीकडे येऊन बसते. ती जागा बदलतानाचा क्षण टिपा, कोणी टिपत नाही.

उंबरठा
इतर पद्धतींबद्दलही लिहिते, पुढे कोणी हा धागा वाचेल त्याला उपयोग होईल. आनंद कारजमध्ये, म्हणजे शीख लग्नात, फोटोग्राफरनेही डोकं झाकायचं, चपला बाहेर, आणि गुरू ग्रंथसाहिबाकडे पाठ करून उभं राहायचं नाही. म्हणजे समोरून चेहरे टिपायची तुमची नेहमीची जागा गेली. चार लावांना, म्हणजे फेऱ्यांना, जोडपं ग्रंथसाहिबाभोवती फिरतं, तेव्हा कडेला बसून ते वळणावर समोर येण्याची वाट बघायची. निकाहमध्ये बायकांची बाजू वेगळी असेल तर तिथे स्त्री फोटोग्राफर हवी, आणि कुठले फोटो बाहेर कोणाला दाखवायचे नाहीत ते आधी लिहून घ्यायचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स लग्नात फितीने जोडलेले दोन मुकुट दोघांच्या डोक्यांवर तीनदा अदलाबदल करतात, मग टेबलाभोवती तीन फेऱ्या. चिनी चहाच्या विधीत वडीलधाऱ्यांपासून क्रमाने चहा दिला जातो, तिथे चहा घेणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लग्नात नवरा सासरच्यांपुढे साष्टांग पालथा पडतो. त्या वेळी उभे असाल तर फक्त पाठ मिळेल, तुम्हीही खाली बसा.

काळीचौकट
उंबरठा, फार कामाचं लिहिलंत. ग्रुप फोटोंसाठी दोन्ही घरांचा एकेक माणूस हाताशी ठेवा, ज्याला सगळी नावं आणि नाती ठाऊक आहेत. एका गटाला तीन मिनिटं धरली तरी दहा गटांना अर्धा तास जातो. म्हातारी माणसं आधी. नावांचे उच्चार आदल्या दिवशी शिकून घ्या. आणि "जरा जवळ या, मिठी मारा" असं कोणालाही सांगू नका. काही धार्मिक घरांत परके स्त्री-पुरुष एकमेकांना हातही लावत नाहीत.

उंबरठा
दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी जुळवा. आमच्या एका लग्नात माझ्या सोबतच्या कॅमेऱ्याचं घड्याळ एक तास मागे होतं. नवरी मंडपातून निघते आणि मग मंडपात येते, असा क्रम लागला. तीन हजार फोटो हाताने लावले. चूक माझी होती, मी तपासलं नव्हतं. दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा असेल तर ती सोय चालू ठेवा, आणि रात्री झोपण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती घ्या.

(चार आठवड्यांनी)

कवडसा
मंडळी, लग्न झालं. फोटो निवडून झाले. सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलं होतं, तेव्हा वृत्तांत देणं आलंच.

तिपाईंचा प्रश्न दोन्हीकडे विचारला. नवऱ्याच्या आजोबांनी सांगितलं, "पेला फुटतानाचा नको, फुटल्यानंतर माझ्या बायकोचा चेहरा." म्हणून मैत्रीण पायाशी बसली आणि मी दुसऱ्या रांगेतल्या आजींवर लेन्स लावून उभी राहिले. पेला फुटल्याचा आवाज आला तेव्हा आजींनी डोळे मिटलेले होते. मी थांबले. सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या, तरी डोळे मिटलेलेच. मग उघडले आणि त्यांनी सरळ आजोबांकडे बघितलं. तो फोटो मिळाला. दुहेरीओळ यांनी थांबायला सांगितलं नसतं तर मी टाळ्यांनंतर वळले असते.

बेदेकेन मिळालं. अंगठी मिळाली, उजव्या तर्जनीतली. हुप्पाखाली चेहरे अंधारात आणि मागे लख्ख ऊन होतं. मागचं ऊन जळू दिलं, चेहरे सांभाळले.

रानपाखरू आणि काळीचौकट, पायांचे फोटो दोन्ही वेळी काढले. अल्बममध्ये समोरासमोर नाही लावले. सप्तपदीचा सकाळच्या पानांत, फेऱ्यांचा दुपारच्या. नवरीला दोन्ही दाखवून विचारलं तर ती म्हणाली, "मला दोन्ही वेळी वेगळं वाटलं होतं."

चुकलंही एक. रिसेप्शनला दोघांना खुर्च्यांवर बसवून उचललं तेव्हा मी वर्तुळाच्या बाहेर अडकले. सत्तर-ऐंशी माणसं फेर धरून नाचत होती, आत शिरायला वाव नव्हता. हातात लांबचं जवळ आणणारी ८५ ची लेन्स. मैत्रीण जवळून सगळं मावणारी २४ ची घेऊन आत होती म्हणून निभावलं. कोणी पुढे करणार असेल तर संगीत सुरू होण्याआधी आत जाऊन उभे राहा.

भाषणांत दोन्ही लाटा आल्या. नवऱ्याच्या बहिणीने एक किस्सा सांगितला, त्यांची टेबलं हसली, मग आमच्याकडे भाषांतर होईपर्यंत ती माइक छातीशी धरून मावशीच्या टेबलाकडे बघत उभी होती. मावशी हसली तेव्हा तिने सोडलेला श्वास फोटोत दिसतो. खरंच दिसतो.

दुहेरीओळ
कवडसा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजींचा फोटो डोळ्यांसमोर उभा राहिला.

ओटीपदर
आणि गाऊन? सुई लागली का गं?

कवडसा
लागली ना! अठ्ठावीस बटणं होती. नवऱ्याची आई बोटांनी लावायला बसली होती, चौथ्या बटणाला हात थरथरायला लागले. मावशीने पर्समधून सुई काढली, एक फास ओढून दाखवला आणि सुई त्यांच्या हातात दिली. पुढची बारा त्यांनी लावली, उरलेली मावशीने. दोघींच्या हातांचे जवळून फोटो आहेत. नंतर मावशीने सुई अंबाड्यात खोचली आणि विसरली, दिवसभर ती तिथेच.

अंजिरीपान
आणि यिखुद? काहीच नाही घेतलंस?

कवडसा
आतलं काहीच नाही. बंद दाराचा घेतला, थोडं लांबून. दाराच्या एका बाजूला साक्षीदार, कोट घातलेले उंच गृहस्थ. दुसऱ्या बाजूला मावशी, अंबाड्यात सुई. रिसेप्शनचे पाहुणे खोळंबले होते म्हणून तिने हातानेच विचारलं, उघडू का? त्यांनी पाच बोटं दाखवली. मावशीने तीन दाखवली. त्यांनी थोडा विचार करून चार केली. चार मिनिटांनी दार उघडलं.